मल्लोजी रावांचा वरचा सूर

ज्यांच्यामुळं मी म्हैसुरात टिकले त्यांचं नाव आधी लिहून टाकते: मल्लोजी राव साळुंके. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. पुरुषांचे कपडे, त्यातही युनिफॉर्म जास्त. आणि बावीस वर्षं ते ‘डबल स्टिच’ नावाच्या बँडचे मुख्य गायक होते. लग्नातला बँड नव्हे, पबमध्ये रॉक वाजवणारा. माझी शाळा आठवीत सुटली. लिहायला बसले की मी भलतीकडं जाते आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याचंच राहून जातं. म्हणून नाव आधी.

मी निलंगा तालुक्यातली. पुण्याच्या एका कुटुंबाबरोबर त्यांचं बाळ सांभाळायला इकडं आले होते. चार वर्षांनी त्यांचं परदेशी जायचं ठरलं. बाळ शाळेत जाण्याएवढं झालं होतं, मी चोवीस वर्षांची झाले होते, आणि गावी परत गेले तर पंधरा दिवसांत माझं लग्न लागणार हे ठरलेलं होतं. मुलगाही ठरलेला होता, फक्त तो मुलगा नव्हता, बायको वारलेला बाप्या होता. मला परत जायचं नव्हतं. बाळाच्या आईला, म्हणजे बाईंना, ते कळलं असावं. साहेबांच्या पँटी खालून दुमडायला आम्ही ज्या दुकानात टाकायचो तिथं त्या मला घेऊन गेल्या आणि विचारलं, हिला काही काम मिळेल का.

राव कापड कापत होते. वर न बघता म्हणाले, “ही न्हवं, मशीनचं सांगितलेली?”

झालं होतं असं की महिनाभर आधी मी पँटी आणायला गेले होते. दुकानात तीन मशिनी एकदम चालू होत्या. मी बाहेर उभी राहून उगीच म्हणाले, “मधली मशीन रडतेय.” कारागीर हसले. रावांनी तिन्ही मशिनी थांबवल्या, मधली उघडली, तर आत शटलला चीर गेलेली. तेव्हा त्यांनी मला नावसुद्धा विचारलं नव्हतं. पण लक्षात ठेवलं.

“शिवायला येतं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“काज-बटण?”

“शिकेन.”

“बरं की. उद्या ये.” मग बाईंकडं बघून, “तुमी सुम्ने काळजी करू नका.” सुम्ने म्हणजे उगीच. हा त्यांचा आवडता शब्द होता. त्यांच्या दृष्टीनं जगात बरंच काही सुम्ने होतं.

त्यांची मराठी मला पहिले सहा महिने अर्धीच कळायची. वाक्य मराठीत निघायचं, मध्येच कन्नडमध्ये वळायचं आणि शेवटी ‘की’ लावून परत घरी यायचं. घराणं जुनं, कधीकाळी राजाच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आलेलं. “ते घोड्यावर बसले, आमी मशीनवर,” ते म्हणायचे. “बसायचं काय सुटलं न्हाई.” संगीता हे माझं नाव त्यांनी पहिल्या आठवड्यातच संगम्मा करून टाकलं. मी त्यांना मामा म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला मामी. दुकानाच्या मागच्या गल्लीतच घर होतं, तिथून दुपारी मामी माझ्यासाठी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा पाठवायच्या. आणि त्यांच्याच ओळखीनं मला बायकांच्या वसतिगृहात खाट मिळाली.

आमचे मामा दिसायला गायक वाटत नसत. बुटके, पोट जरासं पुढं, केसांना खोबरेल तेल. गळ्यात मापाची टेप असायची, ती पबमध्येही तशीच. लोकांना वाटायचं ती स्टाईल आहे. खरं म्हणजे ती काढायचं त्यांना सुचायचंच नाही. कुठल्याही माणसाला बघितलं की नावाआधी त्याचं माप त्यांच्या तोंडात यायचं. “ते अडतीस छाती, डावा खांदा उतरलेले साहेब आले होते बघ.” दारू घेत नसत. मीठ घातलेला लिंबूसोडा समोर ठेवायचे आणि गाताना अधूनमधून एक घोट. गाण्यालाही ते कपड्यासारखंच बोलायचे. गिटार लांबली की म्हणायचे, “कापड जास्त झालंय, फ्रान्सिस, अर्धा मीटर काप.”

फ्रान्सिस गिटार वाजवतो, मागून साथीला गातोही. तो शाळेत गणित शिकवतो. ड्रमवर नवीन नावाचा एकजण, त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. बेस गिटारवर चंदू. चंदू कधीच बोलत नाही, त्यामुळं इथंही त्याचं बोलणं येणार नाही. चौघं पहिल्यांदा गणपतीच्या मंडपात ऑर्केस्ट्रात भेटले. तिथल्या सिनेमाच्या गाण्यांना कंटाळून त्यांनी आपला बँड काढला. कुक्करहळ्ळी तळ्याच्या बाजूला एक पब होता, तिथं त्यांना रविवारची दुपार मिळाली. संध्याकाळही मिळत होती. मामांनीच नको म्हटलं. “संध्याकाळचे लोक गाणं ऐकत न्हाईत, आपलंच ऐकवतात. दुपारी माणूस भुकेला असतोय, गप बसतोय.”

दुकानात मी वर्षभर काज केले. मग एका रविवारी मामा म्हणाले, “चल की. तिथं एक मशीन हाय, तिला ऐकणारं माणूस न्हाई.”

ती मशीन म्हणजे आवाजाचा मिक्सर. गावाकडं मी सांगितलं की मिक्सरवर काम करते, तर आई अजूनही समजते की मी पपईचा ज्यूस काढते. वरून खाली सरकणारे खटके, त्यांच्या डोक्यावर गोल बटणांच्या रांगा, आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत बारीक अक्षरं.  मी म्हणाले, “मामा, मला वाचता येत नाही हे.”

 पुढच्या रविवारी त्यांनी खिशातून कात्रणं काढली आणि एकेका खटक्याखाली डिंकानं चिकटवली. ड्रमला खाकी. बेसला काळं सुटिंग. गिटारला चौकडीचं शर्टाचं कापड. फ्रान्सिसच्या आवाजाला शाळेच्या युनिफॉर्मचं निळं. स्वतःच्या आवाजाला पांढरं पॉपलीन. “आता वाच,” म्हणाले.

पबच्या मॅनेजरला हे आवडलं नाही. बाई माणूस, तेही टेक्निकल जागेवर, तेही काही न शिकलेली. त्यानं माझ्यासमोरच विचारलं, “राव, हिचं क्वालिफिकेशन काय?”

मामा म्हणाले, “तुमचा तो चिकन करणारा, तो कुठल्या कॉलेजात गेलता?”

“ते वेगळं आहे.”

“तेच म्हणतोय की. चव घ्यायला जीभ लागती, ऐकायला कान. सर्टिफिकेट कुठं घालायचं?”

मॅनेजर हसला आणि मी राहिले. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक भीती घर करून बसली. मी इथं आहे ती या एका माणसाच्या शब्दावर. ते उभे आहेत तोवर मी उभी. ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही. पुढं जे घडलं ते तिच्यातूनच घडलं, म्हणून लिहिते आहे.

बँडची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये असेल असं मला वाटत नाही. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळ्यांनी तिथं जमायचं. फ्रान्सिस शाळेत जाता जाता, नवीन गॅरेजला जाता जाता. या जमण्याला मामा ‘उसवणं’ म्हणायचे. प्रत्येकानं कालच्या कार्यक्रमातली एक चूक सांगायची. स्वतःची असो की दुसऱ्याची; चंदू नुसतं बोटानं दाखवायचा. सांगितल्याशिवाय कॉफी नाही. कुणी रागवायचं नाही, कुणी बाजू मांडायची नाही. “टाका चुकला तर आधी उसवायचा. वरून दुसरा टाका घातला तर दोन चुका हुतात.” नवीन एकदा म्हणाला, “माझी काल काही चूकच झाली नाही.” मामांनी त्याचा ग्लास उचलून स्वतः प्यायला.

मला वाटायचं माझी पाळी येणार नाही. पण पहिल्याच सोमवारी त्यांनी विचारलं, “संगम्मा?” मी घाबरत म्हणाले, “तिसऱ्या गाण्यात गिटार खरखरत होती, मला खटका खाली घ्यायला उशीर झाला.” “कॉफी द्या हिला,” मामा म्हणाले. शाळेत मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

आता त्या सुराचं सांगते.

बँडची स्वतःची पाच-सहा कन्नड गाणी होती, मामांनी लिहिलेली. बाकी इंग्रजी. त्यातलं एक गाणं ‘अळते’, म्हणजे माप. एक शिंपी एका माणसाचं माप घेतोय, एवढंच गाणं. खांदा, छाती, कंबर असं करत कडवी पुढं जातात आणि शेवटचं कडवं गळ्याचं. तिथं मामा आवाज एकदम वर न्यायचे आणि वरच धरून ठेवायचे. मागचं वाजणं थांबायचं. वेटर ट्रे घेऊन जागीच उभे राहायचे. आणि सूर सुटला की सगळा पब टेबलं बडवायचा. बरेच लोक त्या एका सुरासाठी यायचे. लहानपणी आईबापांबरोबर आलेली मुलं आता स्वतःच्या बायकांना घेऊन येत होती आणि तेवढं ऐकून बिल मागत होती.

तो सूर मामा दुकानात कधी लावायचे नाहीत, घरीही नाही. बाकी सगळं गाणं गुणगुणायचे, तिथवर आले की थांबायचे. “ठेवणीतला कपडा हाय तो. रोज घातला तर विटतोय.” म्हणजे आठवड्यातून एकदा, रविवारी, स्टेजवर. आणि स्टेजवर स्वतःचा आवाज त्यांना पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून ऐकू यायचा. त्या स्पीकरमध्ये काय जाणार ते माझ्या हातात होतं.

एका दसऱ्यानंतर त्यांना सर्दी झाली. युनिफॉर्मांच्या कामात महिनाभर झोप नव्हती. रविवारी त्या जागी आवाज फाटला. फार नाही, कापडाचा दोरा ओढला जावा तेवढाच. फ्रान्सिस मागून तोच सूर बारीक आवाजात लावायचा, नेहमीच. मी न ठरवता निळा खटका वर सरकवला, पांढरा थोडा खाली घेतला, आणि आवाज घुमवायचं बटण फिरवलं. पबमध्येही आणि मामांच्या पायाशीही. लोकांनी टेबलं बडवली. मामांनी लिंबूसोडा प्यायला आणि माझ्याकडं बघून अंगठा दाखवला.

सोमवारी मी म्हणाले, “मला दुसऱ्या गाण्यात बेस जास्त झाला.” मला कॉफी मिळाली.

सर्दी गेली. पुढच्या रविवारी मी खटके तसेच ठेवले, म्हटलं असू दे. त्याच्या पुढच्या रविवारी पण. मग एकदा, चार महिन्यांनी असेल, मी म्हटलं बघू तरी, आणि हेडफोनमध्ये फक्त पांढरा खटका ऐकला. एकटा. सूर तिथं पोचतच नव्हता. खालीच थरथरत होता, म्हातारा माणूस जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी थांबतो तसा. मामा तेव्हा अठ्ठावन्नचे होते. मी पटकन निळा वर घेतला.

दोन वर्षं. दर रविवारी मी तो सूर शिवत होते आणि दर सोमवारी दुसरीच चूक सांगून कॉफी पीत होते. फ्रान्सिसला कळलं होतं. तो त्या कडव्याला माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं बघत नसे. मला वाटायचं मी उपकार फेडतेय. ज्यांनी मला ठेवलं त्यांना मी ठेवलंय. आणि खरं सांगायचं तर, ते थांबले तर मॅनेजर मला दुसऱ्या दिवशी काढेल हेही वाटायचं. दोन्ही एकदम वाटायचं. कुठलं जास्त, ते आजही मला सांगता येत नाही.

मग बँडनं गाणी रेकॉर्ड करायचं ठरवलं. कल्पना नवीनची. एवढी वर्षं झाली आणि आपलं एकही नीट रेकॉर्डिंग नाही, लोकांनी मोबाईलवर काढलेलं सगळं ताटल्या-चमच्यांच्या आवाजात. मामा आधी म्हणाले, सुम्ने कशाला. पण मग मनावर घेतलं. शर्ट नवीन शिवला, रेकॉर्डिंगला कोण बघणार होतं, तरी. मामींना म्हणाले, “आमी गेल्यावर पण ऱ्हायला पायजे की काहीतरी. ‘अळते’ ऱ्हायलं तर बास.” मामींनी ते मला हसत हसत सांगितलं. मी अर्ध्या जेवणातून उठले.

मध्ये आठ दिवस होते. या आठ दिवसांत मी त्यांना सांगायला हवं होतं. रोज दुकानात आम्ही समोरासमोर बसायचो. एकदा सगळे कारागीर जेवायला गेले होते, मी म्हणाले, “मामा, ते शेवटचं कडवं...”

“काय ते?”

“काही नाही. छान आहे.”

“छान हाय म्हणून तर करालोय,” ते म्हणाले आणि कात्री चालवत राहिले.

स्टुडिओ लहान होता, एका घराच्या वरच्या मजल्यावर. सकाळी अकराला आम्ही पोचलो. रेकॉर्डिंग करणारा अभि नावाचा तरुण होता, नम्र, प्रत्येक वाक्यात ‘सार’. वाजवणाऱ्यांचं आधी झालं. मग मामा काचेच्या पलीकडं गेले, हेडफोन लावले आणि गायला लागले. खांदा, छाती, कंबर सगळं नीट. गळ्याचं कडवं आलं आणि आवाज फाटला.

मामा थांबले. हेडफोन काढून आत बघितलं, परत लावले. “बाळ, ह्यात काहीतरी गडबड हाय. आवाज बारका येतोय.”

अभिनं दुसरा हेडफोन दिला. पुन्हा तेच. मग माईक बदलला. पुन्हा तेच. दर वेळी मामा वस्तूला दोष देत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. दोन वर्षं दर रविवारी तो सूर त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकला होता.

शेवटी म्हणाले, “तुझा दोष न्हाई, बाळ. माझा आवाज हिच्याच हाताला ओळखतोय. संगम्माला बसव तिथं.”

अभि उठला. हेडफोनमध्ये काय जावं त्याचे खटके वेगळे होते, ते त्यानं मला दाखवले. फ्रान्सिसलाही मामांनी नेहमीसारखं मागं, वेगळ्या माईकपाशी उभं केलं. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. मी नेहमीची घेतली. फ्रान्सिस वर, मामा खाली, घुमणारं बटण अर्ध्यावर. मामांनी सूर लावला आणि डोळे मिटून धरून ठेवला. सुटल्यावर काचेतून अंगठा दाखवला. तोंडभर हसत होते.

बाहेर येऊन म्हणाले, “ऐकव सगळ्यांना.”

अभिनं लावलं. आणि अगदी साधेपणानं, मदत करावी म्हणून बोलला, “सार, वर तुमचा आवाज पोचत नाहीये, पण काही हरकत नाही. ताईंनी हेडफोनमध्ये केलं तसंच ठेवू. फ्रान्सिस सारांचा वर, तुमचा खाली. कुणाला कळणार नाही.”

मामांनी विचारलं, “ताईंनी काय केलं?”

 नवीन माझ्याकडं बघायला लागला. फ्रान्सिस गिटारच्या तारा पुसत होता, पुसायला तिथं काही नव्हतं.

मामा माझ्या शेजारी स्टुलावर बसले. “उसव,” म्हणाले.

“मामा...”

“एकेक काढ.”

मी घुमणं काढलं. सूर कोरडा झाला. ते ऐकत राहिले. “पुढं.” मी गिटार काढली, ड्रम काढले, बेस काढला. “पुढं.” आता फक्त दोन आवाज होते. मी फ्रान्सिसचा आवाज खाली खाली नेला आणि बंद केला. खोलीत एकटे मामा उरले, आणि त्यांचा आवाज पायरीखाली थरथरत होता. त्यांनी अभिला ते परत लावायला सांगितलं. मग अजून एकदा. मान खाली घालून, हातानं गळ्यातल्या टेपचं टोक गुंडाळत, गिऱ्हाइकाचा कपडा तपासावा तसं त्यांनी तीनदा ऐकलं.

“कधीपासून?”

“दोन दसरे झाले.”

“दर रविवारी?”

“हो.”

“आणि सोमवारी काय सांगत होतीस?”

मी रडायला लागले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “माणसाचं माप बदलतंय, संगम्मा. त्याला कोण काय करणार? कपडा उसवून परत शिवायचा. चार बोटं खाली घ्यायचा. तू काय केलीस, वरून शाल पांघरलीस. बावीस वर्षं गातोय, दोन वर्षं खाली घेऊन गायलो असतो की मी. ती दोन वर्षं गेली न्हवं.”

हे मला तेव्हा समजलं. मी त्यांचा सूर वाचवला नव्हता. बदललेल्या आवाजात गायची त्यांची दोन वर्षं मी घालवली होती.

‘अळते’ त्या दिवशी रेकॉर्ड झालंच नाही. फ्रान्सिस म्हणाला, आत्ताच खाली घेऊन करू. मामा म्हणाले, “साकु. आज बास. असं उभ्या उभ्या शिवत न्हाईत.”

सोमवारी मी गेले नाही. खोलीवर पिशवी भरून बसले होते. साडेआठला वसतिगृहाच्या बाईंनी हाक मारली, खाली कुणी आलंय. मामा स्कूटरवर बसलेले, इंजिन चालूच.

“काय करालीस वर? कॉफी गार हुयालीय.”

“मामा, मी आता...”

“बस मागं. सुम्ने नाटक करू नको.”

दुकानात सगळे होते. माझी पाळी आल्यावर मी सगळं सांगितलं, पहिल्या सर्दीच्या रविवारपासून. बोलायला वेळ लागला.  माझं झाल्यावर फ्रान्सिसनं हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा, आणि म्हणाला, “मलाही माहीत होतं.” मामांनी दोघांना कॉफी दिली. मग म्हणाले, “आता माझी चूक. दोन वर्षांत मी एकदा तरी घरी लावून बघायला पायजे होता. ठेवणीतला म्हणून पेटीत ठेवला, कसर लागली ते कळलं न्हाई.” आणि स्वतःचा ग्लास उचलला.

त्यानंतर ते तीनच रविवार गायले. मॅनेजरला आधी सांगून ठेवलं की तीनच. खाली घेऊन गा म्हटलं, तर म्हणाले, “ते आधी करायचं हुतं. आता लोकांना वरच्या मापाची सवय झालीय.” ‘अळते’ गायचे, गळ्याच्या कडव्यापाशी थांबायचे आणि माईकवर म्हणायचे, “एवढंच मापात बसतंय आता.” पहिल्या रविवारी एक ओळखीचा माणूस ओरडला, “राव, वरती जावा!” मामा म्हणाले, “वरती जायला अजून टैम हाय, स्वामी. घाई काय?” सगळे हसले. टेबलं त्यांनी बडवली, पण ती वेगळी बडवली, हळू. दुसऱ्या रविवारी तो माणूस आला नाही. तिसऱ्या रविवारी काही लोक आपल्या म्हाताऱ्या आईबापांना घेऊन आले होते. मामांनी शेवटचं गाणं संपवून माईकची वायर नीट गुंडाळली, सगळ्यांना नमस्कार केला, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, “फ्रान्सिसचा आवाज नाकातून येतोय. उद्यापासून त्याला सांगत जा. तोंडावर.”

मॅनेजरनं मला काढलं नाही. ज्याची मला एवढी भीती होती ते त्याच्या मनातही आलं नव्हतं. बँड आता फ्रान्सिस चालवतो. रविवारी गर्दी पहिल्यासारखी नसते पण असते. मी इतर ठिकाणीही आवाजाची कामं घेते, आणि मधल्या वारी अभिकडं रेकॉर्डिंग शिकायला जाते. तो मला इंग्रजी नावं शिकवतो, मी त्याला सांगते कुठं काय खरखरतंय. गायक लोक कानाशी येऊन विचारतात, ताई, जरा घुमवा ना, वरचं जरा झाका ना. मी नाही म्हणते. काहीजण पुन्हा बोलावत नाहीत.

मामांना मी दोनदा म्हटलं, चला स्टुडिओत, आता आहे त्या आवाजात गा. दोन्ही वेळा म्हणाले, “बघू की.” याचा अर्थ नाही असा असतो.

गेल्या महिन्यात दुपारी मोहल्ल्यातून जात होते. दुकानात कारागीर नव्हते. मामा एकटेच टेबलापाशी उभे राहून पोलिसी पँटला इस्त्री करत होते आणि ‘अळते’ गात होते. चार बोटं खाली. आवाज जाड झालाय, मध्ये मध्ये खर येते, श्वास लवकर संपतो म्हणून ओळी त्यांनी तोडून घेतल्यात. मला वाटलं गळ्याच्या कडव्यापाशी थांबतील. थांबले नाहीत. ते सरळ त्यातून गेले, वर न जाता, बोलल्यासारखं, आणि पँट उलटी करून दुसरी बाजू दाबायला लागले. मी रस्त्याच्या पलीकडं फुलवाल्याच्या आडोशाला उभी होते. आत गेले असते तर ते थांबले असते. म्हणून गेले नाही.

पण मामा, तुम्हाला मराठी अक्षर येत नाही, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून लिहिते. एक दिवस माझी स्वतःची एक खोली असेल आणि तिच्यात एक चांगला माईक. त्या दिवशी मी स्कूटर घेऊन तुम्हाला न्यायला येईन आणि तुमचं काही ऐकणार नाही. तुम्ही आज गाता तसं गा, खरखर, तुटलेला श्वास, सगळ्यासकट. मी रेकॉर्डिंग सुरू करेन, आणि तुमचं संपेपर्यंत माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर असतील.